लायनर, पिस्टन आणि लोकसंग्रह

जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या गृहस्थाच्या आयुष्यात दोन प्रकारची माणसे हटकून येतात. गाडी चालू करून देणारी हा पहिला प्रकार, आणि गाडी का चालू होत नाही हे सविस्तर सांगणारी हा दुसरा. पहिला प्रकार दुर्मीळ आहे, तर दुसऱ्याचा तुटवडा महाराष्ट्रात अद्याप कोठेही नोंदला गेलेला नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील आंबेगाव तालुक्यात, डिंभे या धरणगावाच्या परिसरात, हे दोन्ही प्रकार कोणत्या क्रमाने भेटतात आणि दुसऱ्याच्या गर्दीतून पहिला हुडकून काढण्याची तेथील रीत कोणती, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. स्पोर्ट्स कार म्हणजे येथे दोन माणसांची, जमिनीलगत बसलेली, बहुधा कापडी टपाची व साधारणपणे 1950 ते 1970 या काळातली विलायती मोटार असा अर्थ घ्यावा; सामान, पाहुणे आणि पाऊस यांपैकी केवळ पावसाला आत मोकळेपणाने वावरता येईल, अशी तिची रचना असते.

पुण्याहून डिंभ्याला जाताना नाशिक रस्त्याने चाकण आणि राजगुरुनगर मागे टाकून मंचरला यावे लागते व तेथून पश्चिमेकडे वळून घोडेगावमार्गे धरण गाठावे लागते. हाच रस्ता पुढे भीमाशंकरकडे चढत जातो. या प्रवासातील पहिली विसंगती चाकणलाच भेटते. देशी आणि परदेशी कंपन्यांच्या नव्या गाड्या जेथे रात्रंदिवस बनतात आणि मोटारीच्या प्रत्येक सुट्या भागाचा एखादा तरी कारखाना जेथे उभा आहे, त्या औद्योगिक वसाहतीत जुन्या गाडीच्या मालकाला उपयोगी पडेल असा एक वॉशरही मिळत नाही, कारण तेथील वॉशर लाखाच्या संख्येने विकले जातात आणि याला एकच हवा असतो. दुसरी अडचण गतिरोधकांची आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकानुसार गतिरोधकाची उंची 10 सेंटिमीटर आणि रुंदी 3.7 मीटर असावी. परंतु गावोगावचे गतिरोधक ज्या दिवशी अपघात होतो त्याच दिवशी, त्या दिवसाच्या संतापाच्या प्रमाणात बांधले जात असल्यामुळे त्यांची उंची मानकापेक्षा मनःस्थितीवर अधिक अवलंबून असते. जिच्या पोटाखाली वीतभरही जागा नाही अशी गाडी त्यावरून तिरकी घालावी लागते, आणि ती तिरकी घालत असताना मागच्या एस.टी.चा चालक जे बोलतो, ते गाडीविषयी स्थानिक समाजाने व्यक्त केलेले पहिले मत होय.

गाडी बंद पडण्याच्या जागेविषयी कोणताही नियम सांगता येत नाही, तथापि ती धरणाकाठी पडली तर त्यात एक औचित्य मानता येईल. डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. याच तालुक्यातील महाळुंगे पडवळ येथे जन्मलेले बाबू गेनू 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत विलायती कापडाने भरलेल्या मोटारीपुढे आडवे झाले आणि तिच्याखाली त्यांनी प्राण दिले. त्यांच्या नावाच्या पाण्याकाठून विलायती मोटार मिरवत नेताना मालकाच्या मनात थोडा संकोच असावा हे रास्तच आहे. मालकाला तो नसेल, तर गाडी आपण होऊन थांबते आणि त्याला विचार करण्यास पुरेसा वेळ देते.

यानंतर मिस्त्रीचा शोध सुरू होतो. हमरस्त्यावरच्या आधुनिक गॅरेजमध्ये गेल्यास तेथील तरुण तंत्रज्ञ प्रथम स्कॅनर हातात घेतो. स्कॅनर म्हणजे गाडीतील संगणकाशी बोलून बिघाडाचा सांकेतिक क्रमांक सांगणारे यंत्र. जुन्या गाडीत संगणक नसल्यामुळे यंत्राची तार कोठे खुपसावी हेच त्याला कळत नाही, आणि दोन-तीनदा डॅशबोर्डखाली वाकून पाहिल्यावर तो गाडीचे छायाचित्र काढून घेतो व आदराने निरोप देतो. मुंबई-पुण्यात जुन्या गाड्यांचे खास कारागीर आहेत हे खरे, आणि त्यांचा हात सोन्याचा आहे हेही खरे; परंतु त्यांच्या अंगणात आधीच उभ्या असलेल्या गाड्यांवर साचलेल्या धुळीचा थर पाहिला असता, तेथे गाडी सोडणे आणि मुलाला गुरुगृही ठेवणे यांत कालावधीच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही, हे ध्यानात येते. तेव्हा डिंभ्याच्या अलीकडे-पलीकडेच कोणी सापडतो का, हे पाहणे भाग पडते.

आणि तो सापडतो. मात्र 'स्पोर्ट्स कार' ही पाटी शोधणाऱ्याला नव्हे. ज्या दुकानापुढे अर्धवट उघडलेला ट्रॅक्टर, दोन पंपांच्या मोटारी, चाके काढलेली एक जीप आणि कोणाचीही नसलेली एक खाट आहे, तेथे तो सापडतो. हा योगायोग नाही, तर यंत्रशास्त्राच्या इतिहासातून निघणारा सरळ निष्कर्ष आहे, आणि तो नीट समजून घेण्याजोगा आहे.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील स्टँडर्ड मोटर कंपनी दुसऱ्या महायुद्धानंतर एकीकडे हॅरी फर्ग्युसन यांच्यासाठी 'टी. ई. 20' हा करड्या रंगाचा ट्रॅक्टर बनवीत होती आणि दुसरीकडे तिने ट्रायम्फ ही कंपनी विकत घेतली होती. ट्रायम्फच्या नावाने स्पोर्ट्स कार काढण्याचे ठरले, तेव्हा नवे इंजिन घडवण्याचा खर्च टाळून घरातलेच चार सिलिंडरचे इंजिन घेतले गेले, आणि हे इंजिन ज्या कुळातले होते त्याच कुळातले इंजिन त्या ट्रॅक्टरात नांगर ओढत होते. 1953 साली आलेल्या ट्रायम्फ टी. आर. 2 मध्ये ते 1991 सीसीचे होते, आणि त्याच वर्षी बेल्जियममधील जाब्बेके येथील सरळ रस्त्यावर खास तयार केलेली ती गाडी ताशी सुमारे 200 किलोमीटर वेगाने धावली. जिचे छायाचित्र पाहून तरुणांनी उसासे टाकले, तिच्या बॉनेटखाली असे वावरातले रक्त खेळत होते. या इंजिनाचे लायनर 'वेट' प्रकारचे असतात. लायनर म्हणजे ज्या नळकांड्यात पिस्टन खालीवर होतो तो बाहेर काढता येणारा सिलिंडर, आणि वेट म्हणजे त्याच्या भोवतीने थेट पाणी खेळते असा. तो झिजला तर संपूर्ण ब्लॉक मशीनवर चढवून छिद्रे मोठी करण्याची, म्हणजे रिबोअर करण्याची, गरज पडत नाही. जुना उपसून नवा बसवता येतो. शहरातील मोटार-शौकिनाला ही माहिती पुस्तकातून मिळते व तो ती इतर शौकिनांना सांगतो. मंचर-नारायणगाव पट्ट्यातील ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला मात्र 'लायनर-पिस्टन बदलणे' हे सुगीनंतरचे नेहमीचे काम वाटते, आणि ज्या इंजिनासमोर मालक भक्तिभावाने उभा असतो त्याच्याकडे पाहून तो केवळ इतकेच विचारतो, "ट्रॅक्टरचंच हाय की. मग एवढी बुटकी का केली?"

या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मोटार-वाङ्मयात आढळत नाही. इटलीत फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांनीही ट्रॅक्टरापासून मोटारीपर्यंतचा हाच प्रवास केला होता. 1948 पासून ट्रॅक्टर बनवणाऱ्या या गृहस्थाने 1963 साली मोटारींचा कारखाना काढला, कारण विकत घेतलेल्या भारी किमतीच्या गाडीचा क्लच आपल्याच ट्रॅक्टराच्या क्लचसारखा निघाल्याने तो चिडला होता, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, मिस्त्री मनासारखा मिळेना म्हणून स्वतंत्र कारखानाच काढणे हा उपाय सर्वांना परवडणारा नाही, एवढे तिच्यातून सिद्ध होते.

ट्रॅक्टरवाल्याच्या खालोखाल मोलाचा माणूस म्हणजे जीपवाला. महिंद्र कंपनीने 1947 पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढील अनेक दशके तिचीच वंशावळ सह्याद्रीच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत माणसे, हिरड्याची पोती, क्वचित शेळ्या आणि बहुधा हे सर्व एकाच फेरीत वाहत राहिली. या जीपचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे असल्यामुळे तिच्या जुन्या मिस्त्रीकडे इंची पान्यांचा संच असतो, आणि विलायती गाडीच्या दृष्टीने हे घबाडच होय. अर्ध्या इंचाच्या नटाला 13 मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण तो खरा बसत नाही. नटाचे कोपरे गोल करून तो निघून जातो आणि नंतर त्या नटाला छिन्नीखेरीज कोणी विचारत नाही. एम. जी. टी. डी. या 1949 ते 1953 दरम्यानच्या गाडीने तर यावरही ताण केली आहे. तिच्या इंजिनाच्या बोल्टांचे आटे मेट्रिक आहेत, आणि माथे मात्र व्हिटवर्थ मापाचे, म्हणजे सर जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 साली मांडलेल्या पद्धतीतल्या पान्यांना बसणारे आहेत. फ्रेंच मुळाच्या यंत्रसामग्रीवर घडलेले इंजिन इंग्रज कामगारांच्या हातात असलेल्या पान्यांनी उघडता यावे म्हणून ही तडजोड झाली. दोन राष्ट्रांनी मिळून एक बोल्ट बनवला की तिसऱ्या राष्ट्रात तो उघडणाऱ्याची काय अवस्था होते, हे तेव्हा कोणाच्या मनात आले नसावे.

तिसरा माणूस मोटार-रिवाइंडिंगवाला. रिवाइंडिंग म्हणजे जळालेल्या विद्युत मोटारीची तांब्याची तार उकलून नवी गुंडाळणे. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी डिंभे हे एक असल्याने आणि कालव्यांच्या व नद्यांच्या काठी शेतीपंपांची रांग असल्याने, विजेच्या दाबाच्या लहरीपणाने या कलेला उत्तर पुणे जिल्ह्यात पिढ्यान्पिढ्या राजाश्रय दिला आहे. जुन्या गाडीचा डायनामो, म्हणजे बॅटरी भरणारे जनित्र, त्याच्या हाती पडला की तो दुपारपर्यंत गुंडाळून होतो. येथे एकच धोका असतो. या इंग्रजी गाड्यांत बहुधा बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडलेली असते, याला पॉझिटिव्ह अर्थ म्हणतात, तर आपल्याकडील आजच्या वाहनांत ऋण बाजू जोडतात. मदतीच्या सद्भावनेने कोणीतरी बॅटरी काढून 'नीट' बसवतो. अशा वेळी निघालेला धूर थोडा असतो, पण महाग असतो.

इतकी माणसे तालुक्यात असूनही ती पत्त्यावर सापडत नाहीत. फलक, पदविका, भिंतीवरचे प्रमाणपत्र यांना या व्यवहारात फारशी किंमत नसून विश्वास हा सोयरिकीच्या मार्गाने चालतो. कोणीतरी कोणाचा तरी मेव्हणा असावा लागतो, आणि "त्यांनी पाठवलंय" हे वाक्य उच्चारल्याखेरीज खरा मिस्त्री खाटेवरून उठत नाही. उठल्यानंतर तो गाडीभोवती एक फेरी घालतो, बॉनेट उघडतो आणि या व्यवसायातील सर्वमान्य पहिला प्रश्न विचारतो, "याच्याआधी कुणी हात लावला होता हिला?" या प्रश्नाचे उत्तर काहीही असले तरी त्यावरची प्रतिक्रिया ठरलेली असते, तो मान हलवतो, एक सुस्कारा सोडतो आणि आधीच्या कारागिराविषयी मौन पाळतो, परंतु ते मौन चार घरांना ऐकू जाईल असे असते. यात द्वेषाचा भाग नाही. कार्बोरेटरमध्ये सुतळी, डिस्ट्रिब्युटरमध्ये सिगारेटच्या पाकिटातील चांदी आणि पेट्रोलच्या नळीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा असा जो ऐवज उघड होतो, तो पाहता गाडीने आजवर किती जणांचा विश्वास संपादन केला होता हे कळून येते.

विश्वासू मिस्त्री ओळखण्याची खूण अशी की तो लगेच पाना हातात घेत नाही. तो ऐकतो. इंजिन 'मिसिंग मारते', म्हणजे एखाद्या सिलिंडरचा ठोका चुकतो, तेव्हा लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो कोणता ठोका चुकला हे सांगतो. विहिरीवरच्या किर्लोस्करच्या ऑइल इंजिनांचा ठोका लहानपणी शिवारापलीकडून ऐकून, कोणाच्या विहिरीवरचे इंजिन दमले आहे हे सांगणाऱ्यांच्या पिढीत त्याचा कान तयार झालेला असतो. दुसरी खूण त्याच्या 'उद्या'ची होय. 'उद्या' म्हणून जो दुसऱ्या दिवशी गाडी देतो तो संशयास्पद. 'बघू' म्हणून जो आठ दिवसांनी स्वतः बोलावणे धाडतो आणि काढलेले जुने भाग कागदावर मांडून दाखवतो, त्याच्या हाती किल्ली निर्धास्त सोपवावी. सुट्या भागांसाठी पुण्याच्या नाना पेठेतील दुकाने व बुधवार-रविवारचा जुना बाजार धुंडाळून झाला, इंग्लंडहून मागवलेला भाग सीमाशुल्काच्या रकमेसह हाती पडला आणि तरीही तो बसला नाही, म्हणजे शेवटी लेथवाला उरतो. लेथवर तो बुश कातून देतो, आणि विलायती बुशपेक्षा हा टिकतो का, असे विचारल्यास तो विचारणाऱ्याकडे नुसते पाहतो.

अलीकडे पेट्रोलनेही या मंडळींना काम पुरवले आहे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे सरकारी उद्दिष्ट गाठले गेल्यापासून जुन्या गाडीतील रबरी पडदे आणि नळ्या फुगतात, मऊ पडतात व गळू लागतात. उसापासूनही इथेनॉल तयार होत असल्यामुळे, ज्या शेतकऱ्याने फडाच्या कडेला गाडी ढकलण्यास हात दिला त्याचाच ऊस कार्बोरेटरमध्ये शिरून ती बंद पाडण्यास कारणीभूत झाला असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. उसाच्या कडेला संध्याकाळनंतर थांबू नये, हा सल्ला मात्र रबराशी संबंधित नाही. जुन्नर वनविभागातील बिबट्यांचा मुक्काम उसात असतो, आणि कापडी टपाच्या गाडीत दरवाजा लावून घेणे हा केवळ शिष्टाचार ठरतो.

गाडीचा उपद्रव एकाच दिशेने होतो असेही नाही. नारायणगावजवळ खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. 45 मीटर व्यासाच्या त्याच्या 30 अँटेना दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओलहरी टिपत असतात. जुन्या गाडीच्या प्लगची ठिणगी हीदेखील एक रेडिओलहर सोडते, आणि आजच्या गाड्यांत ती दाबणारा रोधक असतो तसा तिच्या तारांत नसतो. अमेरिकेतील ग्रीन बँक येथील दुर्बिणीजवळ याच कारणासाठी ठिणगीविना चालणारी डिझेल वाहने वापरतात. तेव्हा खोडदच्या बाजूने ट्युनिंग बिघडलेली स्पोर्ट्स कार नेण्यापूर्वी, विश्वाच्या आरंभाविषयी नवे काही निष्कर्ष निघू शकतात याची मालकाने जाणीव ठेवावी.

मिस्त्रीचा प्रश्न सुटला तरी समाजाचा प्रश्न उरतो. जुन्या गाड्यांच्या मालकांना एकमेकांची गरज असते, कारण घरातील माणसे ठरावीक मर्यादेपलीकडे कार्बोरेटरविषयी ऐकून घेत नाहीत. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारखी जुनी संस्था आहे, आणि कोलकाता व दिल्ली येथे भरणाऱ्या, जुन्या गाड्यांच्या स्टेट्समन रॅलीची परंपरा 1964 पासूनची सांगितली जाते. पण डिंभ्याच्या चढावर उभ्या असलेल्या माणसाला त्यांचा तात्काळ उपयोग नसतो. त्याच्याभोवती तात्काळ जमतो तो वेगळा समाज. त्याचे प्रश्न तीनच असतात: कितीला पडली, एव्हरेज काय देते, आणि हिला टप नाही का. तिसऱ्या प्रश्नापर्यंत चहा येतो.

या समाजात एक वर्ग असा आहे की जो दुसरा प्रश्न कधीच विचारत नाही, आणि तो म्हणजे बैलगाडा मालकांचा. खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर आणि मावळ या पट्ट्यात यात्रेच्या निमित्ताने बैलगाडा शर्यती होतात. चढत्या धावपट्टीला 'घाट' म्हणतात, गाड्याच्या एका धावेला 'बारी' म्हणतात, पुढे घोडी पळते आणि निकाल सेकंदांच्या अंशावर लागतो. ज्या बैलांकडून शेतीचे कोणतेही काम घेतले जात नाही, त्यांना दूध, अंडी, खुराक आणि मालिश पुरवून वर्षातून थोड्या सेकंदांसाठी पळवायचे, आणि त्या सेकंदांच्या आठवणीवर उरलेले वर्ष काढायचे, हा अर्थव्यवहार ज्याला समजला त्याला स्पोर्ट्स कार समजावून सांगावी लागत नाही. बैलाच्या पायाला कोणी हात लावावा याविषयीही गाडामालक तितकाच हट्टी असतो. पशुवैद्य शंभर असोत, बैलाला कोणता माणूस चालतो ते बैल ठरवतो.

गाडामालक आणि गाडीमालक या दोन वर्गांना जवळ आणण्यात कायद्याचाही वाटा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 मे 2014 च्या निकालाने या शर्यती थांबल्या, 16 डिसेंबर 2021 रोजी त्यांना अंतरिम परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. मधल्या सात वर्षांहून अधिक काळात पळण्यासाठीच वाढवलेली जनावरे अनेकांनी दावणीला बांधून, खुराक न तोडता सांभाळली. दरम्यान, जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुधारणा होऊन पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकींसाठी 'व्हिंटेज' हा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला; नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि क्रमांकात 'व्ही. ए.' ही अक्षरे अशी त्याची व्यवस्था आहे. ही गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती फिरू शकते. गाडी कोणत्याही हेतूने बाहेर काढली तरी ती अखेरीस देखभालीसाठीच पोहोचत असल्याने या नियमाचा भंग होणे व्यवहारात अवघड आहे. परंतु पळण्यासाठी घडवलेली वस्तू न पळवता पोसण्याचे बंधन म्हणजे काय असते, हे शहरातल्या मित्रांना तासभर समजावून सांगावे लागते, आणि घाटाच्या कडेला बसलेला गाडामालक ते ऐकून नुसते "बांधून ठेवायची म्हणा की" एवढेच म्हणतो.

अशी ओळख वाढत गेली की यात्रेच्या हंगामात त्याचे फलित दिसते. समितीचे चार कार्यकर्ते पांढऱ्या टोप्या घालून येतात आणि पालखीपुढे किंवा बक्षीस समारंभात गाडी उभी करण्याची विनंती करतात. मिस्त्रीला मागे बसण्यास जागा नसल्यामुळे तो बॉनेटच्या बाजूने चालतो आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवतो. ढोल वाजत असताना पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चालवणे हे या गाडीच्या अभियंत्यांनी कल्पिलेल्या वापराच्या नेमके उलट असल्याने रेडिएटर दुसऱ्या आरतीपर्यंत उकळतो. त्यात ओतण्यासाठी हंडा आणणाऱ्यांत मागच्या खेपेला गाडी ढकलणारे चेहरे बहुसंख्य असतात. शेवटी मालकाला फेटा बांधला जातो, श्रीफळ दिले जाते आणि ध्वनिक्षेपकावरून त्याच्या नावात एखादे अक्षर चुकवून त्याचे आभार मानले जातात. मिस्त्रीचे नाव मात्र बिनचूक घेतले जाते. फेटा आणि श्रीफळ स्वीकारल्याने वाहनाचा व्यावसायिक वापर झाला असे मानावे काय, याविषयी नियमावलीत तरतूद आढळत नाही.